देठावरचं नाव

मालवणच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून चिंदरकरांचं भांड्यांचं. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी परात आपटली तर माझ्या मशीनवरचे कागद हलतात. त्यामुळे किशोरीवैनीबद्दल मी जे सांगतोय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं भिंतीतून ऐकलेलं.

किशोरी सुशांत चिंदरकर. वय पन्नाशीच्या पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं थोडकं. सुशांत गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकांना चहा पाजतो, गावभरच्या बातम्या ठेवतो. भांड्यांवर नावं घालायचं काम वैनीचं. ते मुळात तिच्या सासऱ्यांचं. त्यांनी आधी मुलाला शिकवून पाहिलं, पण सुशांतला एका जागी बसवत नसे. लग्न होऊन आलेली सून मात्र एक दिवस आपणहून त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसली. म्हाताऱ्याने तिच्या हातात छिन्नी दिली आणि जुन्या तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या रेघा मारायला लावल्या. महिनाभर रेघाच. मग अक्षरं.

आता सगळीकडे विजेचं मशीन आलं आहे. स्टीलच्या भांड्यांना वैनीही तेच वापरते. पण पितळ आणि तांबं असलं की ती मशीन बाजूला सारते आणि छिन्नी घेते. "चि. सौ. कां. अमुक हिस मामामामींकडून सप्रेम भेट" हे वाक्य तिने किती घंगाळांवर घातलं असेल देव जाणे. या भागात असं घर क्वचितच सापडेल, जिथल्या फडताळात तिच्या हातची अक्षरं नाहीत. ती अक्षरं कोणी वाचत नाही, हेही तिला माहीत आहे. लग्नाच्या दिवशी एकदा वाचतात, मग त्या भांड्यात तांदूळ पडतात.

ती तलवार आली मे महिन्यात. मिठबावच्या लक्ष्मीबाई जुनी भांडी मोडीत द्यायला घेऊन आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, घरात एकटी, मुलगा गोव्यात. घर आवरायला काढलेलं. एक फुटका हंडा, दोन समया, बिनबुडाची कळशी, आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब. सुशांतने गोणपाट सोडलं तर आत तलवार. म्यान गंजलेलं, मुठीवरची दोरी कुजलेली, पण मुठीची चकती आणि टोपणं पितळेची.

"ह्यां खंयचा गो?" सुशांतने विचारलं.

"सासऱ्याचा. लढायेत होतो तो, बर्म्याक. माका घरात नको ता. पितळ काढून घे आणि बाकीचा समुद्रात टाक."

सुशांतने सगळं एकत्र तोललं. लक्ष्मीबाईंनी बदल्यात एक स्टीलचा टोप आणि दोन डबे घेतले आणि दुपारच्या गाडीने गेल्या.

चारच्या सुमाराला वैनी ते पितळ सोडवायला बसली. मुठीला आरपार एक बांबूची खुंटी होती. तिने ती बारीक पंचाने ठोकून बाहेर काढली, मूठ हळूच ओढली, आणि मूठ सुटून आली. आत पात्याचा जो भाग असतो, जो मुठीत शिरलेला असतो आणि एरवी कधी दिसत नाही, तो काळपट तपकिरी गंजाने भरलेला होता. त्याला काय म्हणायचं ते आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. वैनीने त्याला देठ म्हटलं, आणि पुढे आम्हीही तोच शब्द धरला. जपानी लोक त्याला नाकागो म्हणतात, ते नंतर कळलं.

त्या देठावर अक्षरं होती.

"सॅविओ, रे सॅविओ! बेगीन ये हयसर!" भिंतीपलीकडून हाक आली. वैनीने अशी हाक कधी मारली नव्हती, म्हणून मी अर्धी कॉपी मशीनमध्ये तशीच टाकून धावलो. ती देठ दिव्याखाली धरून बसली होती.

"बघ. ह्यां छिन्नीन घातलला आसा. कोणीतरी नाव घातल्यान. आणि मूठ बसवल्यार ता कोणाक दिसाचा पण नाय."

तिचा चेहरा बघून मला वाटलं, या बाईला कोणीतरी ओळखीचं भेटलं आहे.

पण त्यानंतर तिने जे केलं ते ती आजही सगळ्यांत आधी सांगते, म्हणून मीही लपवत नाही. भांडीवाली बाई ती. काळं पडलेलं काही हाती आलं की ते उजळायचं, ही हाताची सवय. अक्षरं नीट दिसावीत म्हणून तिने देठाची एक बाजू आधी चिंचमिठाने घासली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा पॉलिशच्या चाकाला लावली. गंज उडाला, आतलं लोखंड चकाकलं. मी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि आमच्याच आळीतल्या प्राजक्ताला पाठवले. प्राजक्ता पुण्यात जपानी भाषा शिकवते. तिच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर वैनीनेच नावं घातली होती.

प्राजक्ताचा फोन लगेच आला. "सॅविओदादा, काकींना सांगा आधी हात थांबवायला. तो गंज घासायचा नसतो. मला तलवारींतलं फारसं कळत नाही, पण एवढं ऐकून आहे. तो गंजच तिचं वय सांगतो."

वैनीने चाक बंद केलं.  मग चकाकणाऱ्या बाजूवर बोट फिरवत म्हणाली, "मी काय केलंय ह्यां!"

दुसरी एखादी असती तर गोणपाटात गुंडाळून सुशांतच्या हवाली केली असती. वैनीने ती तलवार मऊ धोतराच्या फडक्यात ठेवली, पात्याला थोडं तेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "माका ती अक्षरां शिकूक व्हयी."

शिकणं सोपं नव्हतं. प्राजक्ताला वाटलं होतं फोटो बघून ती सहज वाचेल. तिला ती वाचता येईनात. छापील अक्षरं निराळी आणि चारपाचशे वर्षांपूर्वी गरम भट्टीशेजारी बसून कोणीतरी छिन्नीने लोखंडावर मारलेली निराळी. रेघा गंजात बुजलेल्या, काही अक्षरांची वळणं जुनी. रविवारी दुपारी ती व्हिडिओ कॉल करायची, वैनी माझ्या दुकानात स्टुलावर बसायची आणि दोघी एकेका रेघेवर वाद घालायच्या.

"काकी, चौथ्या अक्षरात डावीकडे होडी आहे, तेवढं नक्की. पण उजवीकडचं मी शिकवते तसं नाहीये."

"होडी? खरीच होडी?"

"म्हणजे होडीचं चिन्ह. जहाज या अर्थाच्या अक्षरात ते असतं."

दोन दिवसांनी प्राजक्ताला सापडलं. ते जहाजाचंच अक्षर, फक्त जुन्या वळणाचं. त्याच्या वरचं अक्षर 'लांब'. दोन्ही मिळून ओसाफुने, म्हणजे लांब होडी, आणि ते जपानातल्या एका गावाचं नाव होतं. शेकडो वर्षं तिथे तलवारी घडत होत्या. त्या दिवशी वैनीने सुशांतलासुद्धा बोलावून ते अक्षर दाखवलं. सुशांत म्हणाला, "मगे ह्यो आमचो गाववालोच," आणि त्याने सगळ्यांना चहा मागवला.

सहा अक्षरांचा अर्थ लागायला पावसाळा निम्मा सरला. बिशू हा प्रांत, ओसाफुने हे गाव, सुकेसादा हा माणूस. ही सही. तिला जपानीत मेई म्हणतात. वैनी वरून खाली बोट नेत म्हणायची, "बिशू, ओसाफुने, सुकेसादा," आणि मग आपल्याशीच हसायची. "आमच्यासारख्याच. गाव आणि नाव."

तिची शिकायची रीत मात्र तिचीच होती. प्राजक्ता वहीत लिहून दाखवायची. वैनी ते बघायची आणि तांब्याच्या कापलेल्या पट्ट्यांवर तेच अक्षर छिन्नीने घालून बघायची. रेघ कुठून सुरू झाली, छिन्नी कुठे कलली, कुठे उचलली, हे तिला हाताने केल्याशिवाय कळायचं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला अशा पट्ट्यांचा ढीग झाला. एकीवर होडी, दुसरीवर नुसता 'लांब', तिसरीवर अर्धवट सुकेसादा. सुरुवातीच्या पट्ट्या बघून प्राजक्ता हसली होती. "काकी, हे अक्षर वाचलं तर काहीतरी भलतंच होतंय." वैनीही हसली आणि दुसरी पट्टी घेतली. तीसेक वर्षं लोकांची नावं घालणारी बाई पाटीवर मुळाक्षरं गिरवायला बसली होती. तिला त्यात लाज वाटत नव्हती, याचं मला फार नवल वाटे.

मग ठसे. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो, तसे सहीचे ठसे घ्यायची पद्धत तिकडे आहे. पहिले ठसे माझ्या दुकानातल्या ट्रेसिंग पेपरवर घेतले. पेन्सिल जास्त दाबली की रेघ भरून जायची, कमी दाबली की काहीच उमटत नसे. माझा मेहुणा लिनो गाड्या वाहून नेणाऱ्या जहाजावर इंजिनरूममध्ये आहे. जहाज नागोयाला लागणार होतं, म्हणून वैनीने त्याच्याकडून ठशांची शाई मागवली. लिनोने आणली ती मेणाच्या काळ्या वडीसारखी होती. सोबत पातळ कागदाचं पुडकं. "तेका वाटला मी चित्रकार आसंय," लिनो सांगत होता. "दुकानदारान माका वाकून नमस्कार केल्यान."

त्या शाईने घेतलेला पहिला चांगला ठसा अजून माझ्या दुकानात लॅमिनेट करून लावलेला आहे. काळ्या पट्टीवर सहा पांढरी अक्षरं. लोक विचारतात, हा कुठल्या देवाचा मंत्र?

हळूहळू तिला पुष्कळ कळू लागलं. टोक वर आणि सही आपल्यासमोर धरली असता धार डावीकडे आली, तर ती तलवार धार वर करून कमरेला खोवायची. धार उजवीकडे आली तर ती बहुधा त्याहून जुनी, धार खाली ठेवून टांगायची. जगभरच्या नवशिक्यांचा एक गट प्राजक्ताने तिला फोनवर जोडून दिला. तिथे लोक आपापल्या तलवारींचे फोटो टाकत आणि सह्या वाचायला मागत. वैनी इतरांचे ठसे छापून घ्यायची आणि जमवायची. तलवारी विकत घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं आणि तशी हौसही नव्हती. तिला सह्या हव्या होत्या. तिची फाईल जाड होत गेली. आणि गटात कोणी नवीन माणसाने लिहिलं की देठ फार घाण आहे, साफ करतो, की ती मला तातडीने इंग्रजीत लिहायला लावायची: नको, नको, हात लावू नका. खाली आपल्या चकाकणाऱ्या देठाचा फोटो जोडायला सांगायची. "माझा बघून तरी शहाणे होतले."

कारण तिने घासलेल्या बाजूवर तारीख होती.

तारीख अशी घालायची रीत होती: त्या वेळी चालू असलेल्या काळाचं नाव, मग त्या काळातलं कितवं वर्ष, मग महिना. महिना बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवाच लिहीत, प्रत्यक्षात केव्हाही घडवली असली तरी. वैनीच्या तलवारीवर तेनबुन हे काळाचं नाव वाचता येत होतं, म्हणजे तलवार पावणेपाचशे वर्षांच्या आसपासची. खाली दुसरा महिना होता. मधला वर्षाचा आकडा मात्र चाकाने खाल्ला होता. एकच आडवी रेघ शिल्लक होती. जपानीत दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, तीन म्हणजे तीन, आणि बाकीच्या बऱ्याच आकड्यांतही एखादी आडवी रेघ असतेच. पहिल्या वर्षाला ते वेगळा शब्द वापरतात, म्हणून पहिलं वर्ष नव्हतं, एवढंच नक्की. भिंग लावून, दिवा तिरका धरून, ठसा हजारदा घेऊनही ते वर्ष परत आलं नाही. त्याबद्दल तिने कधी सबब सांगितली नाही.

गणपतीच्या आधी एक दिवस ती माझ्याकडे आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. हातात दोन ठसे होते. एक तिच्या तलवारीचा आणि एक जर्मनीतल्या कोणाच्या तरी सुकेसादाचा, तज्ज्ञांनी खरी म्हणून पारखलेल्या.

"बघ. शेवटच्या अक्षराची शेपटी. तेची खालती वळता, माझी सरळ जाता. होडीपण वेगळी. ह्यो हात तो नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटी सही. मोठ्या माणसाचा नाव दुसऱ्यान घातल्यान. असा लय होय म्हणतत." तिने ठसे घडी करून पिशवीत टाकले. "जावंदे. चवथ इली. गिऱ्हाइकां आसत."

चतुर्थीचे दिवस भांडीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत देत नाहीत. फडक्यात गुंडाळलेली तलवार कपाटात गेली. दिवाळी होईपर्यंत त्या विषयावर ती बोलली नाही. भिंतीपलीकडून फक्त मशीनचा आवाज यायचा. छिन्नीचा फार कमी.

दिवाळीनंतर प्राजक्ताला दुभाषी म्हणून एका कंपनीच्या लोकांबरोबर ओकायामाला जायचं होतं. ओसाफुने तिथून फार लांब नाही. तिने न विचारता वैनीचे ठसे बरोबर नेले आणि तिथे कोणाकोणाला विचारत एका म्हाताऱ्यापर्यंत पोचली. हिराता त्याचं नाव. आयुष्यभर तलवारींना धार आणि झळाळी देण्याचं काम केलेला, आता निवृत्त. तिथूनच तिने माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळची दुकानं उघडायची वेळ, वैनी केरसुणी घेऊन दुकानाबाहेर.

पडद्यावर एक बारीक चणीचे आजोबा दिसले. ठसा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. ते काहीतरी बोलले, प्राजक्ता सांगू लागली.

"काकी, आजोबा विचारतायत, हा ठसा कोणी घेतला? चांगला घेतलाय म्हणतायत."

वैनीने केरसुणी मागे लपवली. "मी. पण तेंका सांग, माका ठावक आसा ता खोटा आसा."

प्राजक्ताने सांगितलं. म्हातारे मान हलवत हसले आणि बराच वेळ बोलत राहिले.

"ते म्हणतायत, सुकेसादा नावाचा एक माणूस नव्हता. पुष्कळ होते. बाप, मुलगे, पुतणे, शिष्य. लढायांचा काळ होता, तलवारींची मागणी प्रचंड. सगळं कारखान्यासारखं चाललेलं, आणि सही सगळे तीच घालायचे. कोणा मोठ्याने मुद्दाम करून घेतली असेल तर त्या घडवणाऱ्याचं आणखी एक स्वतःचं नाव असतं. तुमच्यावर ते नाही. म्हणजे ही रोजच्या कामातली तलवार, घाईत केलेली, पण प्रामाणिक. सही त्यांना खरी दिसतेय. ठशावरून छातीठोक सांगता येत नाही, म्हणतात, पण खोटी करणारा माणूस इतक्या सहज हाताने करत नाही. तो भीत भीत करतो."

वैनीने केरसुणी भिंतीला टेकवली. ती आत दुकानात गेली आणि मांडणीवरून जुनी भांडी खाली काढू लागली. एकेक उपडं करून बूड बघू लागली. चिंदरकरांच्या दुकानातून गेलेल्या पितळी भांड्याच्या बुडाशी 'चिंदरकर, मालवण' असं घातलेलं असतं. तिने तीन भांडी माझ्यापुढे ठेवली.

"ह्यां मामंजींचा. ह्यां माझा. ह्यां सुशांतान घातल्यान लग्नाआधी, बघ कसा वाकडा." ती मोठ्याने हसली. "तीन हात, नाव एकच! यातला खोटा खंयचा रे? आणि मी शिरा ताणून त्या बिचाऱ्याक चोर म्हणत बसलंय!"

फोन चालूच होता. हिराता आजोबांना ती भांडी दाखवली. त्यांनी वैनीच्या छिन्नीचा हात बघायला मागितला. तिने एका पेल्यावर त्यांचं नाव मराठीत घालून दाखवलं, आणि ते चष्मा वर करून पडद्याच्या इतके जवळ आले की आम्हाला नुसतं कपाळ दिसत होतं.

यानंतर तिला राहवेना. "ती तलवार लक्ष्मीबाईची. तिका ठावक नसताना तिणा मोडीत दिल्यान. तिका सांगूक व्हया." सुशांतने थोडी कुरकुर केली, पण तोही आत कुठेतरी तेच म्हणत होता. मी गाडी काढली. किनाऱ्याच्या रस्त्याने मिठबावला पोचलो तेव्हा लक्ष्मीबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. वैनीने पडवीत बसून फडकं सोडलं तशा बाई दोन पावलं मागे सरल्या.

"परत कित्याक हाडलंस? मी म्हटलंय ना समुद्रात टाक म्हणान."

"काकी, ही पाचशे वर्सांची आसा. मोलाची वस्तू. तुमका सांगल्याशिवाय माका ठेवूक बरा वाटना."

लक्ष्मीबाईंनी तलवारीकडे पाहिलंच नाही. देठाकडे बोट दाखवून विचारलं, "ता नाव वाचलंस तू?"

"होय."

"काय आसा तेचा नाव?"

"कोणाचा?"

बाई खाली बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर घराबाहेर गेलं नव्हतं. सासरे पलटणीत होते. ब्रह्मदेशात एका जपानी अंमलदाराशी समोरासमोर गाठ पडली. तो मेला आणि हे वाचले. तलवार त्यांनी घेतली. पुढे कधीतरी मूठ सोडवून पाहिली तर आत अक्षरं. म्हाताऱ्याची खात्री झाली की ते त्या मेलेल्या माणसाचं नाव. मूठ परत बसवली ती कधी उघडली नाही. दसऱ्याला त्या तलवारीला त्यांनी फूल वाहिलं नाही. पण दरवर्षी म्हाळाला घरातल्या पितरांची पानं वाढून झाली की एक पान बाहेर चाफ्याखाली ठेवायचे. कोणासाठी, ते विचारायची सोय नव्हती. मरताना सुनेला एवढंच म्हणाले, त्याचं नाव मी घरात डांबून ठेवलंय.

"म्हणान मी ती काढून टाकलंय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "माका वाटला, जावंदे ता नाव खंय जावचा थंय. पण पान मी अजून ठेवतंय. नाव ठावक असता तर नावान ठेवलंय असतंय."

वैनीने त्यांचा हात धरला. "काकी, ह्यां तेचा नाव न्हय."

"न्हय?"

"ही ज्यान घडवल्यान तेची सही. पाचशे वर्सां मागचो लोहार. सुकेसादा. मी भांड्यार नाव घालतंय ना, तसाच. त्या शिपायाचा नाव हेच्यार खंयच नाय. मी सगळा बघलंय."

लक्ष्मीबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. वैनीने एकेक अक्षर बोटाने दाखवलं. हा प्रांत, ही होडी, हे गाव, हा लोहार. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, शाळेत बसल्यासारख्या. शेवटी म्हणाल्या, "मगे तेचा नाव तेच्याकडेच रवला."

"होय काकी."

"म्हाताऱ्यान फुकट जीव जाळून घेतल्यान." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि उठून चुलीकडे गेल्या. आम्हाला आंबोळ्या खाल्ल्याशिवाय निघू दिलं नाही. तलवार मात्र ठेवून घेतली नाही. "तुका वाचूक येता. तुझ्याकडेच रवांदे." म्हाळाचं पान मात्र त्या पुढेही ठेवणार होत्या. जेवायला बोलावलेल्या माणसाला नाव कळलं नाही म्हणून उठवत नाहीत, असं काहीसं त्या म्हणाल्या.

येताना वैनी फडक्यातली तलवार धरून गाडीवर मागे बसली होती. आचऱ्याचा पूल आला तेव्हा एवढंच म्हणाली, "सॅविओ, मी ही अक्षरां नुसत्या हौसेन शिकलंय रे."

तलवारीची कागदपत्रं रीतसर करायची होती, ती आम्ही केली. कचेरीत साहेबांनी विचारलं, "यावर काय लिहिलं आहे?" वैनीने ठेवणीतल्या मराठीत सगळं सांगितलं, आणि वर्षाचा आकडा कोणामुळे गेला तेही. साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं, कारण त्यांना ते आवडलं होतं.

यंदा जानेवारीत कोल्हापुराकडच्या एका जुन्या घराण्यातून प्राजक्तामार्फत निरोप आला. त्यांच्या पणजोबांनी हौसेने जमवलेल्या शस्त्रांत तीन जपानी तलवारी होत्या. सह्यांचे ठसे हवे होते. वैनी आणि सुशांत एसटीने गेले. आंबोलीला गाडी थांबली तेव्हा धुक्यात सुशांतला चहाची टपरी दिसेना, हे त्याने मला तीनतीनदा सांगितलं आहे. पहिल्या दोन तलवारींच्या सह्या तिने तिथल्या तिथे लावल्या. एकीतलं एक अक्षर अडलं, ते अडलं असं सांगून ठसा बरोबर आणला.

तिसरीची मूठ काढली तर देठ कोरा. एकही अक्षर नाही. घरच्या मंडळींचे चेहरे पडले. त्यांना वाटलं हीच सगळ्यांत हलकी. वैनी ती खिडकीपाशी घेऊन गेली. देठाचा आकार, त्याच्यावरच्या तिरक्या कानशीच्या रेघा, गंजाचा रंग, पात्यावरची धारेजवळची पांढुरकी लाट, हे सगळं तिने तासभर पाहिलं. कोऱ्या देठाचाही ठसा घेतला.

"कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही मला," ती म्हणाली. "सही नसली की लोखंडावरून ओळखतात म्हणे. ते मला अजून येत नाही."

परत आल्यावर तिने माझ्याकडून त्या ठशाची प्रत काढून घेतली, एक हिराता आजोबांसाठी आणि एक स्वतःसाठी. मोठी करून दे म्हणाली, कानशीच्या रेघा दिसायला हव्यात. सध्या पलीकडे लग्नसराई चालू आहे, पितळेच्या पराती लागल्या आहेत, आणि दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की छिन्नीऐवजी कानशीचा आवाज येतो. पट्टीवर ती तिरक्या रेघा मारून बघते आहे.